एक लाख झाडांचं देऊळ

दोस्तांनो, आधी एक कोडं घालू?

जपानची राजधानी टोकियो. तिथं हाराजुकू नावाचं रेल्वे स्टेशन आहे. स्टेशनच्या एका अंगाला नुसती धमाल! चिंचोळी गल्ली, तुडुंब गर्दी, चित्रविचित्र कपड्यांची दुकानं आणि सप्तरंगी ‘बुढ्ढी के बाल’ खात हिंडणारी मुलं-मुली.

आणि दुसऱ्या अंगाला? एक छोटासा पूल ओलांडायचा, की समोर जंगल! बाग नव्हे हं, जंगल. घनदाट, गर्द हिरवं, आत पाहिलं तर काळोख दिसेल असं. क्षेत्रफळ सुमारे ७० हेक्टर. म्हणजे फुटबॉलची जवळजवळ शंभर मैदानं मावतील एवढं!

आता कोडं. या जंगलाचं वय किती असेल?

हजार वर्षं? चूक!

पाचशे वर्षं? तेही चूक!

हे जंगल जेमतेम शंभरी ओलांडलेलं आहे. आणि ते आपोआप उगवलेलं नाही. माणसांनी ते हातानं लावलंय! त्याआधी इथं बहुतेक ठिकाणी शेतं होती, गवताळ माळ होता, थोडी दलदल होती. एका जुन्या बागेभोवती तेवढी झाडी होती. बाकी सगळा उजाड प्रकार.

मग कुणी लावलं हे जंगल? आणि कशासाठी?

एका देवळासाठी! या देवळाचं नाव मेइजी जिंगू. तिथं देव म्हणून कोण आहे ठाऊक आहे? एक सम्राट आणि त्याची सम्राज्ञी!

सम्राट देवळात कसा गेला?

जपानमध्ये शिंतो नावाचा खूप जुना धर्म आहे. या धर्मात देवांना ‘कामी’ म्हणतात. कामी कुठंही असू शकतात. डोंगरात, धबधब्यात, एखाद्या जुन्या झाडात, वाऱ्यात! आणि थोर माणसं गेल्यावर त्यांनाही कामी मानायची रीत आहे.

म्हणून जपानमध्ये काही देवळं चक्क जुन्या सम्राटांची आहेत. क्योतो शहरात हेइआन जिंगू नावाचं देऊळ आहे. तिथं दोन सम्राट आहेत. पहिला कान्मु. त्यानं ७९४ साली राजधानी क्योतोला आणली. दुसरा कोमेइ. क्योतोत राहून राज्य करणारा तो शेवटचा. एक हजार वर्षांहून मोठ्या गोष्टीची सुरुवात आणि शेवट, दोघं एकाच देवळात!

आणि गंमत बघा, या कोमेइचा मुलगा म्हणजेच आपले सम्राट मेइजी!

मेइजींचा जन्म १८५२ सालचा. वडील वारले आणि १८६७ साली ते सम्राट झाले. तेव्हा त्यांचं वय किती होतं? अवघं चौदा! म्हणजे आठवी-नववीत जायच्या वयात हा मुलगा गादीवर बसला.

त्याआधी अडीचशेहून जास्त वर्षं जपानचा खरा कारभार शोगुन नावाचे सेनापती बघत. परदेशी लोकांना देशात फारसं येऊच देत नसत. मेइजींच्या काळात सगळं धडाधड बदललं. राजधानी क्योतोहून एदो शहरात गेली आणि एदोचं नाव झालं टोकियो. १८७२ साली जपानची पहिली रेल्वे धावू लागली. शाळा निघाल्या, कारखाने निघाले, तलवारी बाळगणाऱ्या सामुराईंचे दिवस सरले.

१९१२ साली सम्राट वारले. १९१४ साली सम्राज्ञी शोकेनही गेल्या. सम्राटांची समाधी झाली क्योतोजवळ. टोकियोच्या लोकांना वाटलं, आपल्याही शहरात त्यांची काही आठवण हवीच! ठरलं, त्यांच्यासाठी देऊळ बांधायचं.

जागाही छान मिळाली. योयोगी नावाच्या भागात राजघराण्याची जमीन होती. तिथल्या बागेत सम्राटांनी सम्राज्ञींसाठी जांभळ्या आयरिस फुलांचा ताटवा लावून घेतला होता. आजही दर जून महिन्यात तो फुलतो!

पण एक अडचण होती. शिंतो देवळाला भोवती झाडी लागतेच. आपल्याकडे गावाबाहेर देवराई असते ना? तिथली काटकीही कुणी उचलत नाही, कारण ती देवाची. जपानमध्येही देवळाभोवतीची झाडी तशीच जपतात. जपानमधल्या कित्येक देवरायांना शेकडो वर्षं झालीत.

इथं मात्र देऊळ नवं आणि झाडीचा पत्ता नाही! आता जंगल आणायचं कुठून?

पंतप्रधान म्हणाले एक, शास्त्रज्ञ म्हणाले दुसरंच

जंगलाचं काम तीन माणसांवर सोपवलं गेलं. होंडा सेइरोकु, होंगो ताकानोरी आणि उएहारा केइजी. होंडा वनशास्त्राचे नावाजलेले प्राध्यापक. जर्मनीत शिकून आलेले. होंगो त्यांचे विद्यार्थी. आणि उएहारा तर तेव्हा नुकते कुठं पदवी घेतलेले तरुण!

तेव्हाचे पंतप्रधान होते ओकुमा शिगेनोबु. त्यांना हवं होतं सुगीचं वन. सुगी म्हणजे देवदारासारखं उंचच उंच, सरळसोट जपानी झाड. निक्को नावाच्या गावी देवळांच्या वाटेवर असे सुगी ओळीनं उभे आहेत. बघणाऱ्याची मान दुखावी इतके उंच! सम्राटांच्या देवळाला असंच भारदस्त वन शोभेल, असं पंतप्रधानांना वाटलं. रुंद पानांची झाडं म्हणजे नुसती झुडपांची जाळी, असं त्यांचं मत.

होंडा म्हणाले, इथं सुगी जगायचे नाहीत!

आता पंतप्रधानांना नाही म्हणायचं म्हणजे काय चेष्टा आहे? पण होंडांकडं कारणं होती. सुगीला आवडते ओलसर दरी. निक्को डोंगरात आहे, तिथं ओलावा भरपूर. टोकियोची ही जमीन त्या मानानं कोरडी. शिवाय शहरात कारखान्यांचा धूर, शेजारून जाणाऱ्या आगगाड्यांचा धूर. आणि सुगीला धूर मुळीच सोसत नाही.

मग या मंडळींनी पुरावाच दाखवला. झाडाचं खोड आडवं कापलं की आत गोल गोल कडी दिसतात. साधारण दर वर्षाला एक कडं. कडी जाड असतील तर झाडानं त्या वर्षी चांगलं अंग धरलं. कडी बारीक, तर झाडाची उपासमार! त्यांनी निक्कोचा सुगी आणि टोकियोचा सुगी यांची वाढ तपासली. टोकियोचा सुगी पार मागं पडलेला निघाला.

आता बोला! पंतप्रधानांना ऐकावंच लागलं.

दीडशे वर्षांचं वेळापत्रक

मग लावायचं तरी काय? होंडांनी विचार केला: या जमिनीला माणसांनी हातच लावला नसता, तर इथं कोणती झाडं असती?

उत्तर मिळालं. बारा महिने हिरवी राहणारी, रुंद पानांची झाडं. ओकच्या काही सदाहरित जाती, ‘शी’ नावाचं झाड आणि कुसु.

थांबा, कुसु म्हणजे कोण ते ओळखा! त्याचं पान हातात चुरगळलं की एक ओळखीचा वास येतो. आरतीच्या तबकातला! हो, कुसु म्हणजे कापराचं झाड. पूर्वी कापूर याच झाडाच्या लाकडापासून काढत.

पण ही झाडं सावकाश मोठी होणारी. देऊळ तयार झालं आणि भोवती गुडघ्याएवढी रोपं, हे कसं दिसेल? जंगल पहिल्या दिवसापासून जंगल दिसायला हवं. आणि शंभर वर्षांनीही ते आपलं आपण उभं राहायला हवं. दोन्ही एकदम कसं जमायचं?

इथं होंडांनी लढवलेली शक्कल ऐका.

शाळेत वर्गाचा फोटो काढताना सर काय करतात? उंच मुलं मागच्या रांगेत, मग मध्यम, मग बुटकी, आणि अगदी पुढं बसलेली मुलं. चार रांगा! होंडांनी जंगलाच्या अशाच चार रांगा केल्या. फक्त मागं-पुढं नाही, वर-खाली.

सगळ्यांत वर उंच पाइन. ते आधीच बऱ्यापैकी वाढलेले. त्यांच्या खाली हिनोकी आणि साव्हारा, म्हणजे खवल्यांसारख्या पानांची, जरा लवकर वाढणारी झाडं. त्यांच्या खाली ओक, शी आणि कुसु. आणि जमिनीलगत झुडपं.

झालं! पहिल्या दिवसापासून जंगल भरलेलं दिसू लागलं.

पण फोटोतली मुलं जागच्या जागी राहतात. ही झाडं मात्र जागा बदलणार होती! म्हणजे कशी?

साधारण पन्नास वर्षांत हिनोकी आणि साव्हारा वर जाऊन पाइनला मागं टाकतील. पाइनला भरपूर ऊन लागतं. डोक्यावर सावली आली की तो खंगतो. म्हणजे पाइन हळूहळू कमी होतील.

साधारण शंभर वर्षांत ओक, शी आणि कुसु वर पोचतील. त्यांची युक्ती काय माहीत आहे? लहानपणी त्यांना सावली चालते! मोठ्या झाडांच्या सावलीत ती शांतपणे वाढत राहतात, आणि वर जरा मोकळी जागा मिळाली की घेतली उडी!

आणि साधारण दीडशे वर्षांनी? मग जंगलात मुख्य तीच झाडं. त्यांचीच फळं खाली पडतील, त्यांचीच रोपं उगवतील, तीच मोठी होतील. माणसानं एकही रोप लावायची गरज नाही. पाणी घालायची नाही, खत घालायची नाही. जंगल स्वतःच स्वतःला लावत राहील. कायमचं!

विचार करा, दोस्तांनो. आपण सहलीचं वेळापत्रक करतो, ते एका दिवसाचं. परीक्षेचं वेळापत्रक आठ-दहा दिवसांचं. या तिघांनी चित्रं काढून वेळापत्रक केलं दीडशे वर्षांचं! आणि त्यांना पक्कं ठाऊक होतं, की शेवटचं चित्र खरं झालेलं बघायला आपल्यापैकी कुणीही नसणार.

झाडं निघाली आगगाडीनं

आता एवढी झाडं आणायची कुठून? विकत घ्यायची म्हटली तर पैसे पुरायचे नाहीत.

मग लोकांना सांगितलं, झाड द्या! आणि काय आश्चर्य, देशभरातून झाडं येऊ लागली. कुणी अंगणातलं दिलं, कुणी मळ्यातलं. टोकियोतल्या शाळकरी मुलांनीही दिली! उत्तरेच्या थंड भागातून आली, दक्षिणेच्या उबदार भागातून आली, समुद्रापलीकडून तैवान आणि कोरियातूनही आली. झाडं आगगाडीत बसली, झाडं जहाजात चढली. मुळांभोवती मातीचा गोळा बांधून निघाली टोकियोला!

एकूण किती झाडं आली असतील? सुमारे १ लाख! आणि आधीची धरून जाती किती? ३६५. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक नवी जात!

लावायला कोण आलं? गावोगावच्या तरुण मंडळांतली मुलं. एकूण सुमारे १ लाख १० हजार जणांचे हात या कामाला लागले, असं सांगतात. खणायचं, उचलायचं, लावायचं आणि परत गावी जायचं.

१ नोव्हेंबर १९२० रोजी देऊळ सुरू झालं. सम्राट आणि सम्राज्ञी तिथं कामी झाले. आणि दीडशे वर्षांचं घड्याळ टिकटिक करायला लागलं!

झाडूवाले काका कचरा टाकतात कुठं?

आता या जंगलाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट.

झाडं बारा महिने हिरवी असतात म्हणजे त्यांची पानं गळत नाहीत, असं वाटलं ना? गळतात! फक्त सगळी एकदम गळत नाहीत. कुसुची जुनी पानं वसंतात नवी पालवी फुटताना पडतात. म्हणजे वाटांवर वर्षभर पानंच पानं!

देवळाची वाट तर स्वच्छ हवी. म्हणून रोज सकाळी झाडणारी माणसं येतात. तिथं त्यांना प्रेमानं ‘हाकिया-सान’ म्हणतात. त्यांच्या हातात बांबूचे हे लांब-रुंद झाडू. सर्र, सर्र, सर्र! रुंद खडीच्या वाटेवरची पानं ते कडेला लोटत नेतात.

मग ती पानं पोत्यात भरतात? नाही. जाळतात? मुळीच नाही. कचराकुंडीत टाकतात? अहं!

ती पानं ते पुन्हा जंगलातच नेऊन टाकतात. एकही पान बाहेर जात नाही! हा १९२० पासूनचा नियम आहे.

का बरं? कारण पान हा कचरा नाही, तो जंगलाचा डबा आहे! आईनं भरलेला डबा कुणी फेकून दिला, तर आपण दिवसभर उपाशी राहू की नाही? जंगलाचंही तसंच. पान खाली पडतं. त्यावर बुरशी येते, गांडुळं येतात, डोळ्यांना न दिसणारे जीवाणू येतात. सगळे मिळून ते पान कुरतडतात, कुजवतात, बारीक करतात. होते काळी भुसभुशीत माती. त्याच मातीतला कस मुळं शोषून घेतात आणि पुन्हा पान तयार होतं!

एखादं जुनं झाड उन्मळून वाटेवर पडलं तर? वाटेपुरतं ते बाजूला करतात, पण लाकूडही जंगलातच ठेवतात. त्यात भुंगेऱ्यांच्या अळ्या राहतात, त्यावर अळंबी उगवतात. आणि झाड पडलं की वर आभाळाला खिडकी उघडते. खाली सावलीत टपून बसलेल्या रोपाला ऊन मिळतं. मग काय, निघालं ते वर!

माणसांना मात्र वाट सोडून आत जायची परवानगी नाही. रोप तुडवायचं नाही, फळ वेचायचं नाही, फांदी तोडायची नाही. जंगलाला एकटं सोडायचं, हेच त्याला दिलेलं खतपाणी!

मोजणी झाली, आणि...

शंभरी जवळ आली तशी शास्त्रज्ञांनी २०११ ते २०१३ या काळात सगळं जंगल पिंजून काढलं. झाडं मोजली, किडे मोजले, पक्षी मोजले, बुरशीसुद्धा मोजली.

झाडं किती निघाली असतील? १ लाख लावली होती, तर आता दोन लाख?

नाही! सुमारे ३६ हजार. कमी झाली!

अरेरे, म्हणायची घाई करू नका. ही गोष्ट आनंदाची आहे. एवढुशी रोपं दाटीवाटीनं उभी होती, ती आता प्रचंड वृक्ष झाली. मोठ्या झाडाला जागा जास्त लागते. काही झाडांना ऊन मिळालं नाही, काहींना टोकियोची हवा मानवली नाही. ती गेली आणि मातीत मिसळली. ३६५ जातींपैकी २३४ उरल्या. पण उरल्या त्या तिथल्याच झाल्या!

आणि एकूण किती प्रकारचे जीव सापडले? झाडं, वेली, शेवाळं, कोळी, किडे, मासे, पक्षी, सगळे मिळून सुमारे ३ हजार प्रकार! भर शहरात! शिकार करणारा ससाण्यासारखा गोशॉक पक्षी इथं घरटं करतो. डोळ्यांभोवती काळे पट्टे असलेला तानुकी नावाचा प्राणी रात्री इथं हिंडतो. यांना कुणी आणून सोडलं नाही बरं! जंगल तयार झालं, तसे पाहुणे आपले आपण आले.

आणि वेळापत्रक? ओक, शी आणि कुसु ठरवल्यापेक्षा लवकरच वर पोचले! जंगलानं अभ्यास वेळेआधी पुरा केला!

चला, देवळात जाऊ

जंगलातून चालत आपण देवळाकडं निघालो. पण जरा थांबा, काही रीती आहेत.

वाटेवर लाकडाचं मोठं दार लागतं. त्याला तोरी म्हणतात. दोन खांब, वर दोन आडवी लाकडं, बस्स. कवाड नाही, कडी नाही! इथून पुढं देवाची जागा, एवढंच ते सांगतं. आत शिरताना थोडं वाकायचं. आणि वाटेच्या मधोमध चालायचं नाही. मधली जागा कामींची, आपण कडेनं!

मेइजी जिंगूचं मोठं तोरी १२ मीटर उंच आहे. चार मजली इमारतीएवढं! आधीच्या तोरीवर १९६६ साली वीज पडली. मग नव्यासाठी एवढं मोठं झाड शोधायचं कुठं? ते सापडलं तैवानच्या डोंगरात. दीड हजार वर्षांचं सायप्रस! १९७५ साली त्याचं नवं तोरी उभं राहिलं. त्याचा एकेक खांब इतका जाड, की तुम्ही एकट्यानं कवेत घ्यायला जाल तर हात पुरणारच नाहीत.

पुढं पाण्याचं टाकं. ओगराळ्यासारखं लांब दांड्याचं भांडं घ्यायचं. आधी डावा हात धुवायचा, मग उजवा. मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची. भांड्याला तोंड लावायचं नाही हं! शेवटी भांडं उभं धरायचं, म्हणजे उरलेलं पाणी ओघळून दांडाही धुतला जातो. पुढच्या माणसाला स्वच्छ भांडं!

आता देवापुढं उभं राहा. मूर्ती दिसते का? नाही! शिंतो देवळात समोर मूर्ती नसते. दोनदा कमरेत वाकायचं. दोनदा टाळ्या वाजवायच्या. मनात काय मागायचं ते मागायचं. आणि पुन्हा एकदा वाकायचं. दोन, दोन, एक! पाठ झालं?

शेजारी लाकडाच्या छोट्या पाट्या टांगलेल्या असतात. त्यांना एमा म्हणतात. आपली इच्छा पाटीवर लिहायची आणि टांगायची. जगभरच्या भाषांमधल्या इच्छा तिथं एकमेकींना खेटून लटकत असतात. परीक्षेत पास कर, आजी बरी होऊ दे, छान नोकरी मिळू दे!

जपानच्या बऱ्याच देवळांत चिठ्ठी काढून नशीब बघतात. कुणाला निघतं ‘फार छान’, कुणाला ‘वाईट’! मेइजी जिंगूत मात्र चिठ्ठीत नशीब नसतंच. मग काय असतं? कविता! सम्राटांची नाही तर सम्राज्ञींची. हे दोघंही कवी होते बरं का. सम्राटांनी ९० हजारांहून जास्त कविता लिहिल्या. छोट्या छोट्या, पाच ओळींच्या. वयाच्या पंधराव्या वर्षापासून रोज लिहिल्या असं धरलं, तरी दिवसाला पाच होतात! आपल्याला एका निबंधाला केवढा वेळ लागतो!

वर्षभर गंमतच गंमत

नव्या वर्षाच्या पहिल्या तीन दिवसांत इथं सुमारे ३० लाख माणसं येतात. तरीही रांग शिस्तीची.

ऑक्टोबरात बाहुल्यांचा आभार-सोहळा असतो. जुनी बाहुली, फाटकं अस्वल असं फेकून कसं द्यायचं? तिनं आपल्याला इतकी वर्षं सोबत केली! म्हणून लोक आपल्या बाहुल्या देवळात आणतात. पुजारी प्रार्थना करतात. आणि मग बाहुल्यांना निरोप देतात. ओळीनं बसलेल्या हजारो बाहुल्या, विचार करा!

नोव्हेंबर तर मुलांचाच महिना. तीन, पाच आणि सात वर्षांची मुलं रंगीत किमोनो घालून येतात. मोठं झाल्याबद्दल देवाला नमस्कार करतात. त्यांना मिळतो लांबच लांब साखरेचा कांडा. कांडा जेवढा लांब, तेवढं आयुष्य लांब व्हावं म्हणून! त्याच महिन्यात ३ तारखेला, सम्राटांच्या वाढदिवशी, देवळाचा मोठा उत्सव असतो. घोडा भरधाव सोडून पाठीवरून बाण मारायचे खेळ होतात. आणि २३ तारखेला शेतकरी मुळे, गाजरं, कोबी रचून चक्क भाज्यांची गलबतं करून आणतात!

आग लागली तेव्हा

या देवळावर एक वाईट दिवसही आला. दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल १९४५ मध्ये, टोकियोवर विमानांतून आगीचे बॉम्ब पडले. लाकडाचं देऊळ जळून गेलं.

जंगल? ते बचावलं! ओलाव्यानं भरलेली हिरवी पानं चटकन पेट घेत नाहीत. पुढं लोकांनी पुन्हा पैसे गोळा केले आणि १९५८ साली देऊळ नव्यानं उभं राहिलं. आज आपण बघतो ते हे दुसरं देऊळ. म्हणजे तिथलं जंगल देवळापेक्षा वयानं मोठं आहे!

जपानच्या देवरायांकडून शिकलेले आणखी एक शास्त्रज्ञ होते, अकिरा मियावाकी. देवळांभोवती टिकून राहिलेली झाडं अभ्यासून त्यांनी रीत काढली. त्या त्या जागेचीच झाडं निवडायची, दाटीनं लावायची, दोन-तीन वर्षं जपायची आणि मग सोडून द्यायची. आपल्या मुंबईत महानगरपालिकेनं अशी मियावाकी वनं लावली आहेत. जवळपास असलं तर जाऊन बघा. कुठलं झाड कुणाच्या सावलीत उभं आहे, ते शोधा!

आता शेवटचं गणित. वही घ्या.

जंगल सुरू झालं १९२० साली. वेळापत्रक १५० वर्षांचं. म्हणजे शेवटचं चित्र पूर्ण होणार २०७० साली. होंडा सेइरोकु १८६६ साली जन्मले आणि १९५२ साली वारले. २०७० पर्यंत जगते, तर ते २०४ वर्षांचे झाले असते! तेव्हा त्यांना काही ते बघणं जमणार नव्हतं.

पण तुम्ही? २०७० मधून तुमचं जन्मसाल वजा करा बघू. आलं उत्तर? तेवढ्या वयाचे आजी-आजोबा तर आपल्या गल्लीत रोज सकाळी फिरायला जातात! म्हणजे होंडांच्या वेळापत्रकाचा शेवटचा पेपर तपासायचं काम तुमच्याकडं आलंय!